टाकीवरचे एकतीस ठिपके

गावाचं नाव इथं मुद्दाम दिलेलं नाही. दिलं, तर उद्या कोणी शहाणा त्याचाही ठिपका नकाशात भलत्याच जागी टाकायचा. बीबीहून सुलतानपूरकडं जाताना आडवळणाला, दोन टेकाडांच्या बेचक्यात बसलेलं गाव आहे, एवढं पुरे. या बेचक्यामुळं गावात मोबाईलला रेंज नाही. रेंज येते ती एकाच ठिकाणी, वरच्या टेकाडावर, पाण्याच्या टाकीपाशी. त्यामुळं या गावात ‘टाकीवर जाऊन येतो’ म्हणजे फोन करून येतो. नव्या सुना आईशी बोलायला टाकीवर जातात, सोयाबीनचा भाव विचारायला माणसं टाकीवर जातात आणि सोयरीक मोडल्याचा निरोपही टाकीवरच येतो.

सिंधूताई चार पावसाळे टाकीवर चढली ती तणमोरासाठी.

तणमोर हा कोंबडीएवढा, उंच पायांचा नि लांब मानेचा, गवतात राहणारा पक्षी. एरवी तो दोन हातांवर असला तरी दिसत नाही. पावसाळ्यात मात्र नराला मादीचं लक्ष वेधायचं असतं. मग तो गवतातून उभाच्या उभा, माणसाच्या डोक्याइतकी उंच उडी मारतो, हवेत बेडकासारखा टरटरतो आणि पुन्हा गवतात गडप होतो. असं दिवसातून शेकडो वेळा. सगळ्या देशात आता हे पक्षी थोडकेच उरलेत. त्यातले एक-दोन दर पावसाळ्यात या आडगावच्या गायरानात येत होते आणि ते फक्त सिंधूताईला ठाऊक होतं.

तिचं माहेर साखरखेर्ड्याच्या बाजूचं. बाप लोकांची गुरं राखायचा आणि शाळेला सुट्टी असली की ही त्याच्या मागं मागं. कुसळी, पवन्या, मारवेल ही गवतं बापानं ओळखायला शिकवली आणि कोणत्या गवतात कोण बसतं तेही. सातवी झाली, लग्न झालं, ती या गावच्या विहाराच्या गल्लीत नांदायला आली. नवरा भाऊराव गवंड्याच्या हाताखाली कामाला. हिच्या सात शेळ्या आणि गावाखालचं पन्नास एकर गायरान. पंचवीस वर्षं रोज ती त्या गायरानात फिरली. लोक आपल्या घरात इतके फिरत नाहीत.

तिचा एक स्वभाव साऱ्या गावाला माहीत आहे. तिला ‘तिकडं’ हा शब्द खपत नाही. भाऊराव बाहेरून येऊन म्हणाला, “काळी शेळी तिकडं चरून राह्यली,” की ही उसळते, “तिकडं म्हंजे कुठं? त्या धुऱ्याले काही नाव हाय का नाही?” तिच्या लेखी प्रत्येक बांधाला, प्रत्येक पट्ट्याला नाव असतं आणि ते न सांगणारा माणूस आळशी असतो, नाहीतर लबाड. गावातली पोरं तिची नक्कल करतात. तिला त्याचं काही वाटत नाही.

चार वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संस्थेनं तणमोरांची मोजदाद काढली. गावोगाव पक्षी ओळखणारी माणसं हवी होती. इथं सरपंच नारायणरावांनी सिंधूताईचं नाव सुचवलं, कारण गायरानात तिच्याइतकं कोणी जातच नव्हतं. तिला एक मोबाईल मिळाला, त्यात एक ॲप, आणि तालुक्याच्या गावी एक दिवसाचं शिक्षण. शिकवायला आलेला माणूस घाईत होता. पक्षी दिसला की फॉर्म उघडायचा, किती दिसले ते भरायचं, बटण दाबायचं, झालं.

“अन् आमच्या गायरानात रेंज नाही. रेंजबिगर हे फारम उघडत नाही. त मंग?” सिंधूताईनं विचारलं.

“मग रेंज असेल तिथं जाऊन भरा.”

“पण हे ठिकाण आपोआप लिहून येऊन राह्यलं ना. हे दोन लंबे आकडे. म्या टाकीवरून भरलं, त टाकीचं ठिकाण येईन.”

“मावशी, त्याची काळजी तुम्ही करू नका. ते सिस्टिम बघते.”

सिस्टिम म्हणजे कोण, ते त्यानं सांगितलं नाही. तेवढ्यात चहा आला. सातवी शिकलेल्या बाईला जो सरळ प्रश्न पडतो तो शिकवायला आलेल्या माणसाला पडत नाही, याला काय म्हणावं? बरं, नाही पडला तर नाही, पण कोणी विचारल्यावर तरी थांबून ऐकावं की नाही! त्या दिवशी त्या माणसानं चहाचा कप दोन मिनिटं खाली ठेवला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

सिंधूताईनं काम मात्र चोख केलं. चार पावसाळे ती सकाळी उजाडता उजाडता गायरानात जाऊन बसे. पक्ष्याची उडी दिसली, की शेळ्या तिथंच सोडून दीड किलोमीटर चढ चढून टाकीवर, आणि तिथं दगडावर बसून एकेक अक्षर जुळवत फॉर्म भरी. टाकीवर फोनवर बोलणाऱ्या बाया हसायच्या. “काय व सिंधू, कोणाले चिठ्ठी लिहून राह्यली?” ती म्हणे, “पाखराची हजेरी लावून राह्यली.” चार वर्षांत एकतीस नोंदी झाल्या. संस्थेनं एक प्रमाणपत्र पाठवलं, ते भाऊरावानं काच लावून भिंतीवर टांगलं.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात ती शेळ्या घेऊन गायरानात गेली, तर तिथं ट्रॅक्टर उभा. ट्रॅक्टरला मागं भलामोठा गिरमिट लावलेला, आणि तो जमिनीत घुसून खड्ड्यावर खड्डा पाडत होता. कुठल्याशा हरित योजनेत पन्नासही एकरांवर झाडं लावायची होती. झाडं लावणं वाईट कोण म्हणेल? पण तणमोराला झाड नको असतं, गवत हवं असतं. गवताच्या माळावर झाडं लावणं म्हणजे माशाला ऊन लागतं म्हणून विहीर बुजवण्यासारखं आहे. आणि पाऊस पंधरा-वीस दिवसांवर आला होता, म्हणजे पक्ष्याचीही यायची वेळ झाली होती.

सिंधूताई ट्रॅक्टरच्या पुढं उभी राहिली. ड्रायव्हरनं हात जोडले, सरपंचाकडं बोट दाखवलं. ती तशीच तणतणत ग्रामपंचायतीत गेली.

“नारायणराव, गायरान कोणाले ईचारून खोदून राह्यले?”

नारायणरावांनी कागद काढला. “अव सिंधू, माह्यावर काऊन भडकतं? अठी लिहेल हाय. संस्थेचा नकाशा म्हणते, गायरानात तणमोर रायतच नाही. रायते कुठं, त टाकीच्या टेकाडावर. म्हून गायरान मोकळं केलं झाडाले. अन् नोंदी कोणाच्या हायेत पाह्य.”

कागदाच्या तळाशी तिचं नाव होतं. छापील अक्षरात, नवऱ्याच्या नावासकट आणि आडनावासकट.

तिच्या अंगाची लाहीलाही झाली. “म्या कवा म्हणलं पक्षी टाकीवर रायते? टाकीवर काय मरायले जाईन तो? तठी बायाच एवढ्या बोलतेत!”

त्या दिवशी ती चढ चढून गेली ती धापा टाकतच, आणि संस्थेच्या प्रतीक्षा मॅडमना फोन लावला. नकाशा यांनीच केला होता. बाई हुशार, मोठी पदवी घेतलेली, मनानंही वाईट नाही. पण चार वर्षांत गावात आली होती एकदा, तीही उन्हाळ्यात.

“ताई, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय,” मॅडम म्हणाल्या. “जिल्ह्यात दुसऱ्या कुठल्या गावाहून नोंदच आली नाही, मॉडेल तुमच्याच नोंदींवर उभं आहे. आणि आम्ही ते तपासलंय. अचूकता एक्क्याण्णव टक्के आहे.”

“टक्के तुमच्यापाशी ठेवा, म्याडम. तुमी अठी या. तुमच्या डोयानं पाहा.”

मॅडम आल्या, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. चौथ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या खोलीत बैठक बसली. योजनेचे साहेब, नारायणराव, गावातली वीसेक माणसं, दाराशी भाऊराव. भिंतीवर नकाशाचा उजेड पाडला. लाल रंग म्हणजे पक्ष्याला मानवणारी जागा, पांढरा म्हणजे न मानवणारी. गायरान पांढरंफटक.

सिंधूताई उठून थेट भिंतीपाशी गेली. आपल्या गावाचा असा नकाशा तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असेल, पण वाट सापडायला तिला अर्धं मिनिट लागलं नाही. तिनं बोट फिरवलं. “हा रस्ता. हा नाला. हे शाळा. अन् हा ठिपका काय हाय?”

“त्या तुमच्या नोंदी आहेत, ताई. एकतीस आहेत. एकावर एक पडल्यामुळं एकच दिसतोय.”

“हे टाकी हाय,” सिंधूताई म्हणाली.

“काय?”

“पाण्याची टाकी. पूरं गाव तठी जाऊन फोन करते. म्यासुदिक तठीच जाऊन फारम भरलं. गायरानात रेंज नाही. रेंज नाही त तुमचं फारम उघडत नाही. म्या पक्षी गायरानात पाह्यला अन् बटण टाकीवर दाबलं. एकतीस डाव.”

खोलीत कोणीतरी फिसकन हसलं. मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी नकाशा लहान करून पूर्ण जिल्हा दाखवला. सुलतानपूरच्या अंगाला, साखरखेर्ड्याच्या अंगाला, जिथं जिथं घरांजवळ मुरमाड टेकाड, तिथं तिथं लाल डाग होता. मागून एकजण म्हणाला, “बाप्पा! तठीबी टाक्याच असतीन!”

हा प्रकार असा असतो. पक्षी कुठं कुठं दिसला ते ठिपके कॉम्प्युटरला द्यायचे. तो त्या ठिपक्यांखाली काय आहे ते बघतो: गवत की दगड, चढ की सपाटी, घरं लांब की जवळ. मग बाकीच्या मुलखात तशाच जागा शोधून तो सांगतो, की पक्षी इथंही असेल आणि तिथं नसेल. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तीच ही. पण शीतच शेजारणीच्या भांड्यातलं उचललं असेल, तर आपला भात शिजला की नाही ते कसं कळणार? त्या बिचाऱ्या यंत्रानं टाकीखालचा मुरूम पाहिला, जवळची घरं पाहिली आणि ठरवलं, की तणमोराला मुरूम आवडतो आणि माणसांची सोबतही. आणि ती एक्क्याण्णव टक्के अचूकता? तीही त्याच एकतीस ठिपक्यांतले काही बाजूला काढून तपासलेली. परीक्षेचा पेपर त्याच चुकलेल्या पुस्तकातून काढला, तर मार्क पडणारच. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्या तरी निदान शेळ्या कुठं आहेत ते बघून तरी हाकाव्यात.

“ताई,” मॅडम हळूच म्हणाल्या, “हे तुम्ही आम्हाला कळवायला हवं होतं.”

एवढा वेळ सिंधूताईनं राग आवरून धरला होता. आता तिचा आवाज चढला. “कळवायले हवं होतं? म्या कळवलं नाही? अन् खाली जे लिहेल हाय, ते काय हाय मंग?”

“खाली कुठं?”

“फारमच्या बुडाशी. शेरा लिहेल रकाना. हर डाव लिहेल हाय त्याच्यात. काढा ते!”

मॅडमनी लॅपटॉप उघडला. ज्या माहितीवर नकाशा केला होता तिच्यात शेऱ्याचा रकाना नव्हताच. माहितीची साफसफाई करताना तो काढून टाकला होता, कारण कॉम्प्युटर फक्त आकडे खातो, आणि कारण ते बोलीतलं लिहिणं तिथं कोणाला नीट लागत नव्हतं. साफसफाई! जे खरं होतं तेवढंच केराबरोबर गेलं. सुदैवानं मूळ नोंदी लॅपटॉपमध्येच कुठंतरी पडून होत्या. त्या सापडायला दहा मिनिटं लागली. कोणी जागचं हललं नाही.

“वाचा,” सिंधूताई म्हणाली. “मोठ्यानं वाचा. सायबाले आयकू जाऊ द्या.”

मॅडम वाचू लागल्या. पुण्याच्या जिभेवर ती भाषा अडखळत होती.

“पक्षी अठी नाही. खाली गायरानात, नाल्याच्या अल्याड, कुसळीत दिसला. अठी फक्त रेंज हाय.”

“मी टाकीवरून लिहून राह्यली. पक्षी टाकीवर नाही.”

“आज लय उड्या मारल्या. जागा तेच. बाभयीपासून पन्नास पावलं उगवतीकडं, पवन्याच्या पट्ट्यात.”

“मादी पन दिसली. गायरानात. टाकीवर नाही.”

बाविसाव्या-तेविसाव्या नोंदीला त्या थांबल्या. पुढची वाचवेना. नारायणरावांनी वाकून पाहिलं आणि त्यांनीच वाचली. “हे कोणी वाचून राह्यलं का?”

भाऊराव दारातून बाहेर पाहत राहिला. सिंधूताईला त्या घडीला रडू आलं असतं, पण ती रडली नाही, तिला संताप आला होता. फसवल्याचा नव्हे, तो सहन करता येतो. विचारलं, सांगितलं, लिहिलं, एकतीस वेळा लिहिलं, आणि त्याच लिहिण्याच्या जिवावर तिचं गायरान खोदलं गेलं, तेही तिच्याच नावानं. चूक कोणाची, तर म्हणे गावच्या बाईची. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची रीत जुनीच आहे, आता तिला नकाशाही जोडतात एवढंच.

ती साहेबांकडं वळली. “आयकलं ना सायेब? आता ट्रॅक्टर बंद करा.”

साहेबांनी घसा साफ केला. “बाई, तुमचं म्हणणं पटतंय मला. पण माझ्याकडं आलेला नकाशा मंजूर आहे. दुरुस्त नकाशा वरून रीतसर आला, की काम थांबवू. तोंडी सांगण्यावर मला थांबवता येत नाही.”

“चुकीचं थांबवाले कागद लागते, अन् चुकीचं कराले कोणाचं लिहेल वाचायसुदिक लागत नाही?”

यावर साहेबांकडं उत्तर नव्हतं, पण गाडी होती. ते गेले.

मॅडम त्याच संध्याकाळी पुण्याला निघाल्या आणि त्यांनी खरोखर जिवाचं रान केलं. शेऱ्यांवरून एकेका नोंदीची जागा पुन्हा बसवली, बाभळीपासून पावलं मोजायला भाऊरावाला लावलं, नकाशा नवा केला. नव्या नकाशात गायरान लालभडक निघालं. आपली चूक त्यांनी स्वतःच्या सहीनिशी लिहून दिली. वरच्या टेबलावरून खालच्या टेबलावर कागद येईतो अकरा दिवस गेले. काम थांबवण्याचा हुकूम बाराव्या दिवशी आला. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

कारण ट्रॅक्टरवाल्यानं सुरुवात केली होती ती नाल्याच्या अल्याडच्या पट्ट्यापासून. तिथं माती मऊ, दगड नाही, गिरमिट भरभर चालतो. वीस एकर कुसळी नि पवन्या, सगळा पट्टा, दर दहा फुटांवर खड्डा. उरलेलं तीस एकर सुटलं, पण ते खडकाळ, तिथं गवत गुडघ्याला लागत नाही. लोक सिंधूताईला म्हणाले, तुझ्यामुळं तीस एकर वाचलं. तालुक्याच्या एका कार्यक्रमात तिला शाल द्यायचं कोणीतरी ठरवलं. तिनं निरोप पाठवला, की शेळ्या सोडून येता येत नाही.

पाऊस आला. खड्डे भरले, त्यांत बेडूक ओरडू लागले. जुलै गेला. ती रोज सकाळी जाऊन बसली. टरटर ऐकू आली की तिची मान वळायची आणि मग कळायचं, की बेडूकच आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात प्रतीक्षा मॅडम स्वतः आल्या, तिच्या घरी उतरल्या. तीन सकाळी दोघी पट्ट्याच्या काठावर प्लास्टिकचा कागद अंथरून बसल्या, छत्री एकच. मॅडमनी नवं ॲप आणलं होतं. त्याला रेंज लागत नव्हती. माणूस उभा असेल ती जागा ते तीन मीटरच्या आत पकडत होतं.

तिसऱ्या दिवशी ऊन वर आलं. काहीच दिसलं नव्हतं.

“ताई,” मॅडम चाचरत म्हणाल्या, “न दिसल्याचीही नोंद करावी लागते. नाहीतर नकाशा पुन्हा...”

सिंधूताईनं फोन घेतला. ती खड्डे चुकवत बाभळीपाशी गेली, तिथून पन्नास पावलं उगवतीला मोजली आणि थांबली. फॉर्म उघडला. संख्येच्या रकान्यात तिनं शून्य भरलं. मॅडम मागं येऊन उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते.

“रडू नोका म्याडम,” सिंधूताई म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती. “पाखरू होतं तवा तुमाले जागा भेटली नाही. आता जागा बराबर भेटली तुमाले.”

तिनं बटण दाबलं आणि फोन मॅडमच्या हातात परत दिला.